ॲपवर हवा ‘मध्यम’, गल्लीत मात्र धुरळा : रस्ता खोदतात तेव्हा हवेचं काय होतं?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ तेवढे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे सुरू झाला. मुंबईच्या पूर्व उपनगरातून एका श्रोतीने पाठवली होती. ती म्हणते, “आमच्या गल्लीत रस्ता काँक्रीटचा करायला घेतलाय. एक बाजू दीड महिना खोदून ठेवलीये. आईला दमा आहे. खिडकीच्या कठड्यावर रोज बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. आणि फोनवर बघावं तर हवा ‘मध्यम’. मग ॲप खोटं बोलतंय की मी?”

उत्तर असं, की ताई, दोघंही खरं बोलताय. ॲप एक गोष्ट मोजतंय आणि तुमची खिडकी दुसरी.

आधी ॲपचं बघू. आपल्याकडचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, हा धुळीसाठी २४ तासांची सरासरी धरतो. तुमच्या गल्लीत सकाळी अकरा ते एक ब्रेकर चालला, धुरळ्याचा ढग उठला आणि मग सगळं शांत झालं, तर ते दोन तास बाकीच्या बावीस तासांत विरघळून जातात. दुसरं म्हणजे मोजणारं यंत्र तुमच्या गल्लीत नाहीये. ते कुठल्यातरी आवारात, गच्चीवर, दोन-चार किलोमीटरवर आहे. ते अख्ख्या परिसराची हवा सांगतं, आणि ते त्याचं काम बरोबर करतंय.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात खटकते. ‘मध्यम’ हा शब्द. एक्यूआय १०१ ते २०० असेल तर त्याला मध्यम म्हणतात. पण पीएम १० या धुळीच्या बाबतीत २०० चा आकडा म्हणजे एका घनमीटर हवेत २५० मायक्रोग्रॅम. आपल्याच देशाची २४ तासांची मर्यादा आहे १०० मायक्रोग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली पातळी आहे ४५. म्हणजे मर्यादेच्या अडीचपट धूळ असली तरी तुमच्या फोनवर ‘मध्यम’ येऊ शकतं. परीक्षेत नापास झालेल्या पोराला ‘बरा’ शेरा द्यावा तसं आहे हे.

(जाता जाता : काही परदेशी ॲप अमेरिकन मोजपट्टी वापरतात. म्हणून एकाच जागी, एकाच वेळी दोन ॲपवर दोन वेगळे आकडे दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप भारतीय मोजपट्टीवर चालतं. तुलना करायची तर एकच ॲप धरा.)

धूळ खाली किती वेळात बसते?

आता कठड्यावरच्या धुळीकडे येऊ. सगळी धूळ सारखी नसते. पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरच्या आतले. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

समजा, वारा अजिबात नाही आणि दोन मीटर उंचीवरून, म्हणजे उंच माणसाच्या डोक्यावरून, दगडाची धूळ खाली पडतेय. १०० मायक्रोमीटरचा कण चार-पाच सेकंदांत जमिनीवर. १० मायक्रोमीटरचा कण चारेक मिनिटं घेतो. आणि अडीच मायक्रोमीटरचा? तासाभराहून जास्त. हे बंद खोलीतलं गणित. रस्त्यावर वारा असतो, गाड्या असतात, त्यामुळे बारीक कण खाली यायचं नावच घेत नाही.

म्हणजे तुमच्या कठड्यावर जी दिसते ती मुख्यतः जाड धूळ. ती त्रासदायक आहे, डोळे चुरचुरतात, नाक गळतं. पण ती नाकातच अडकते. घशाखाली जाते ती दहाच्या आतली, आणि फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाते ती अडीचच्या आतली. दमा असलेल्या माणसाला दोन्ही छळतात.

रस्त्याच्या कामात या दोन्हींचे उगम वेगळे आहेत, आणि हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं. माती, खडी, सिमेंट यातून निघते ती बरीचशी जाड धूळ, पीएम १० आणि त्यावरची. डिझेलमधून निघतो तो काळा, बारीक कण, पीएम २.५ मधला. जेसीबी, रोलर, जनरेटर, रांगेत इंजिन चालू ठेवून उभे असलेले ट्रान्झिट मिक्सर, हे त्यातले. आणि अर्धा रस्ता बंद म्हणून उरलेल्या अर्ध्यात अडकलेल्या आपल्याच गाड्या. हा शेवटचा भाग कुठल्याच ठेकेदाराच्या हिशेबात येत नाही. पत्र्याच्या आत पाणी मारलं म्हणून पत्र्याच्या बाहेर हॉर्न वाजवत उभ्या असलेल्या दोनशे गाड्यांचा धूर कमी होत नाही.

एक रस्ता, चार वेळा धूळ

काँक्रीटचा रस्ता होतो कसा? जुनं डांबर किंवा पेव्हर ब्लॉक उखडतात. खाली खणतात. निघालेला राडारोडा डंपरमध्ये भरतात. मग खडी-मुरूम पसरून रोलर फिरवतात, त्यावर कोरड्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर खरा जाड काँक्रीटचा थर. तो ओला असताना धूळ नाही. पण काही तासांनी त्याच्यात चिरा पाडायला करवत फिरवतात, कारण काँक्रीट वाळताना आकसतं आणि आपण चीर दिली नाही तर ते स्वतःच्या मर्जीने तडकतं. ही करवत पाण्याची धार लावून चालवायची असते. पाणी नसेल तर पांढऱ्या पिठासारखा लोट निघतो.

एक बारकावा. या धुळीत सिलिका असेल तर ती सगळ्यात घातक. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका ग्रॅनाइटच्या मानाने बरीच कमी असते. ही आपल्या नशिबाची गोष्ट. पण काँक्रीटमध्ये नदीची वाळू असेल तर तिच्यात सिलिका भरपूर. आणि फुटपाथच्या कडेला ग्रॅनाइटचा दगड बसवायला कटर मारतात ना, फुटपाथवरच बसून, बिनपाण्याचा? ते दिसलं तर सरळ रस्ता ओलांडून पलीकडे जा. जो माणूस कटर मारतोय त्याला पलीकडे जाता येत नाही, त्याच्याबद्दल पुढे बोलू.

मी मघाशी ‘चार वेळा’ म्हटलं. उखडताना एकदा, माल भरता-ओतताना दुसऱ्यांदा, कापताना तिसऱ्यांदा. चौथी वेळ सगळ्यात मोठी असते आणि ती कामाच्या जागेवर होतच नाही. ती होते डंपरच्या चाकांमुळे.

डंपर खड्ड्यातून चिखल घेऊन निघतो. तो चिखल पुढच्या रस्त्यावर सांडत जातो. ऊन लागलं की वाळतो. मग त्याच्यावरून प्रत्येक रिक्षा, प्रत्येक बस जाते आणि त्याचं पीठ करून हवेत उडवते. दिवसभर. रात्रीसुद्धा, काम बंद असताना. लंडनमध्ये बांधकामाच्या धुळीसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, त्यात पाडकाम, मातीकाम आणि बांधकाम यांच्या बरोबरीने हा चौथा वेगळा धडाच आहे : चाकांबरोबर बाहेर जाणारी माती.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं यासाठी एक सूत्र आहे. पक्क्या रस्त्यावरची बारीक माती दहापट झाली, तर गाड्यांमुळे हवेत उडणारी धूळ साधारण आठपट होते. आणि गाड्यांचं सरासरी वजन दुप्पट झालं तर धूळही जवळपास दुप्पट. अवजड डंपर आणि मातीने माखलेला रस्ता, दोन्ही एकत्र. गुणाकार तुम्हीच करा.

पावसाळा आणि ३१ मे

आता मुंबईचं खास दुखणं. महापालिकेकडे दोन हजार किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत आणि ते सगळे टप्प्याटप्प्याने काँक्रीटचे करायचं ठरलं. जानेवारी २०२३ मध्ये जवळपास ४०० किलोमीटरच्या पहिल्या मोठ्या टप्प्याचं भूमिपूजन झालं. त्यानंतर दुसरा टप्पा आला.

पावसाळ्यात रस्ते खोदता येत नाहीत. म्हणजे हातात उरतात ऑक्टोबर ते मे. आणि हिवाळा हाच मुंबईच्या हवेचा सगळ्यात वाईट काळ. तेव्हा पाऊस नाही, त्यामुळे धूळ धुऊन निघत नाही. रात्री जमीन गार पडते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि खालची हवा कोंडते. समुद्रावरून येणारा वारा उशिरा आणि अशक्त. म्हणजे जेव्हा हवेला धूळ सगळ्यात कमी झेपते, नेमकं तेव्हाच आपण सगळ्यात जास्त खणतो. यात कुणी खलनायक नाही, हे आपल्या हवामानाचं वेळापत्रक आहे. पण वेळापत्रक माहीत असूनही सगळे रस्ते एकदम खोदायचे, हा मात्र माणसांनी घेतलेला निर्णय असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली : उंच पत्रे, हिरवं कापड किंवा ओलं गोणपाट, पाण्याची फवारणी, अँटी स्मॉग गन, राडारोड्याच्या गाड्यांवर ताडपत्री. टँकरने रस्ते धुणं सुरू झालं. पुढच्या हिवाळ्यात, ३० डिसेंबर २०२४ ला, भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांत एक्यूआय २०० च्या वर टिकून राहिल्यामुळे तिथली सगळी बांधकामं थांबवायचा आदेश निघाला. काही दिवसांनी तो उठला. आणि २०२५ मध्ये रस्त्यांसाठी सूत्र असं ठरलं की नवीन खोदायचं नाही, जे खोदलंय ते ३१ मे च्या आत पुरं करायचं.

माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात चांगला धूळनियंत्रक उपाय हा शेवटचा आहे, आणि त्याच्याकडे कुणी तसं पाहिलंच नाही. त्याची बातमी ‘वाहतूक कोंडी’ या मथळ्याखाली झाली. विचार करा : काँक्रीट टाकल्यावर त्याला पाणी देत ठेवायला दोनेक आठवडे लागतात, पूर्ण ताकदीचा हिशेब २८ दिवसांचा असतो. हा वेळ कमी होत नाही आणि त्या काळात धूळही फारशी नसते. धूळ असते ती रस्ता उघडा पडून असतो तेव्हा. आमच्या श्रोतीच्या गल्लीत दीड महिना जी एक बाजू खोदून पडलीये, तिथे बहुतेक दिवस काम चालूच नसणार! पाइपवाला यायचाय, केबलवाला यायचाय, काँक्रीटची गाडी मिळत नाही. उघडा खड्डा आणि शेजारी मातीचा ढीग. दहा गल्ल्या अर्धवट खोदण्यापेक्षा तीन गल्ल्या खोदून बंद केल्या तर कुठलीही तोफ न लावता धूळ कमी होते.

पाण्याची तोफ आणि साधा झाडू

तोफ म्हणजे ती अँटी स्मॉग गन. ट्रकवरचा मोठा पंखा, धुक्यासारखं पाणी हवेत सोडतो. फोटो छान येतो.

ती अगदीच निरुपयोगी नाही. धूळकण आणि पाण्याचा थेंब साधारण एका आकाराचे असतील तरच ते एकमेकांना चिकटतात. थेंब फार मोठा असेल तर बारीक कण हवेबरोबर त्याच्या बाजूने निसटून जातो. तोफेचे थेंब बारीक असतात, त्यामुळे डंपर भरताना अगदी जवळ लावली, पाडकामाच्या तोंडावर धरली, तर फायदा होतो. पण चौकात उभी करून आकाशात फवारली तर ती शहराची हवा धुणार नाही. वारा दोन मिनिटांत नवी हवा आणून ठेवतो.

साधं पाणी मारणं हे जास्त कामाचं, पण त्यालाही डोकं लागतं. माती ओली राहिली तर धूळ खूप कमी होते, अर्ध्याहून कितीतरी जास्त. फक्त एप्रिलच्या उन्हात सकाळी एकदा मारलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. आणि जास्त मारलं तर चिखल होतो, चिखल चाकाला लागतो, आणि परत तेच डंपरपुराण. म्हणून पाण्याबरोबर दोन गोष्टी हव्यात : बाहेर पडायच्या जागी चाकं धुण्याची सोय, आणि बाहेरचा रस्ता यंत्राने, माती ओढून घेणाऱ्या झाडूने साफ करणं. कोरडा खराटा मारला तर खालची धूळ वर जाते, एवढंच. पहाटे तोंडाला ओढणी बांधून ते करणाऱ्या सफाई कामगार ताई हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात.

मग हे होत का नाही? बरेचदा कारण पैशाचं असतं. निविदेत खडीचा दर वेगळा, काँक्रीटचा दर वेगळा, आणि धूळ रोखणं मात्र ‘कामातच धरलेलं’ असेल, तर ठेकेदाराच्या दृष्टीने टँकरची प्रत्येक फेरी हा निव्वळ खर्च. तेच काम वेगळी ओळ म्हणून निविदेत आलं, फेऱ्या मोजून पैसे दिले आणि नाही केलं तर कापले, तर मुकादम स्वतः टँकरवाल्याला फोन करेल.

काम थांबवून टाका की!

असं आपण सहज म्हणतो. दिल्लीत हे होतं. तिथे प्रदूषण वाढेल तसे टप्पे लागतात. तिसऱ्या टप्प्यात धूळ उडवणारी बहुतेक बांधकामं बंद, आणि चौथ्या टप्प्यात महामार्ग, रस्ते, उड्डाणपूल अशी सार्वजनिक कामंसुद्धा बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौथा टप्पा लागला, तेव्हा रोजंदारीवरच्या कामगारांचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि कामगारांना निर्वाहासाठी पैसे द्या असं न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं.

बंदीने तातडीचा फायदा होतो, पण काम संपत नाही. उघडा खड्डा उघडाच राहतो, आणि बंदी उठल्यावर मुदत गाठायला सगळे दुप्पट वेगाने तुटून पडतात. म्हणून मला बंदी ही आग लागल्यावरची बादली वाटते. ती जवळ ठेवावीच, पण तिच्या भरवशावर राहू नये.

आणि आता तो कटरवाला. आपण चौथ्या मजल्यावरून खिडकी लावून घेतो. तो आठ-दहा तास त्या ढगातच असतो, रात्री बरेचदा तिथेच पत्र्याच्या झोपडीत झोपतो. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसाला वण पडतात आणि ते बरे होत नाहीत. या आजारावर उलटं फिरवणारं औषध नाही. तोंडाला गुंडाळलेला गमछा ही बारीक धूळ अडवू शकत नाही. त्याच्यासाठी सगळ्यात मोठा उपाय म्हणजे कटरला पाण्याची नळी. त्याचा खर्च किरकोळ आहे, म्हणूनच ती नळी दिसत नाही तेव्हा जास्त राग येतो.

मग आपण काय करायचं?

श्रोतीचा खरा प्रश्न आईचा होता. आईचा इनहेलर आणि डोस डॉक्टरांना विचारून ठरवा, घराबाहेर काम सुरू झालंय हे त्यांना मुद्दाम सांगा. रस्त्याकडच्या खिडक्या कामाच्या वेळेत बंद, दुसऱ्या बाजूच्या उघड्या. घरात झाडूऐवजी ओलं फडकं. आईला बाहेर जायचंच असेल तर एन-९५ मास्क, चेहऱ्याला नीट बसलेला. हिवाळ्यात अगदी पहाटेचं फिरणं टाळून ऊन वर आल्यावर जावं, तोवर कोंडलेली हवा हलायला लागलेली असते.

आणि तक्रार करायची तर ‘खूप धूळ आहे’ असं लिहू नका. त्याचं उत्तर ‘पाणी मारलं’ असं येतं आणि तक्रार बंद होते. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती करून बांधकामाच्या धुळीसाठी नेमक्या अटी घातल्यात, त्यांच्याच भाषेत लिहा. माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही. धूळ रोखायची सोय केल्याशिवाय खोदकाम करायचं नाही. उघड्यावर दगड-लादी कापायची नाही. बांधकामाचा माल रस्त्याच्या कडेला टाकायचा नाही. न झाकलेली गाडी चालवायची नाही. आणि धूळ रोखण्यासाठी काय उपाय केलेत ते कामाच्या जागी सगळ्यांना दिसेल असं लावायचं. हा शेवटचा फलक शोधा बरं तुमच्या गल्लीत!

फोटो काढा, त्यात तारीख-वेळ आणि जागेची खूण येऊ द्या. रस्त्याच्या कामाचा फलक असेल तर त्याचाही फोटो, त्यावर ठेकेदाराचं नाव आणि मुदत असते. मुंबईत १९१६ वर फोन करा, तक्रारीचा क्रमांक घ्या. सोसायटीतल्या दहा जणांनी दहा वेगवेगळ्या तक्रारी करण्यापेक्षा एकाच ढिगाचे सलग आठ दिवसांचे फोटो एका तक्रारीला जोडले तर ती टाळणं कठीण जातं. आणि फक्त ‘पाणी मारा’ मागू नका, ‘ही बाजू कधी बंद करणार, तारीख सांगा’ हे मागा.

त्या श्रोतीने हेच केलं, असं तिने परवा कळवलं. वॉर्डातल्या इंजिनिअरने तारीख दिलीये, पुढच्या आठवड्यातली. ढिगावर सध्या हिरवं कापड आलंय, एका कोपऱ्यातून उडतंय म्हणे. तारीख पाळली गेली की नाही, ते कळलं की सांगतोच.